रानात वापरायचा चाकू घेताय? पोलाद, मूठ, म्यान आणि कायदा – घेण्याआधी हे बघा

कोल्हापूर : पावसाळा तोंडावर आला की गावागावात अवजारांची डागडुजी सुरू होते. खुरपी पाजवली जातात, कोयत्याला धार लागते, कुऱ्हाडीचा दांडा बदलला जातो. या सगळ्यात एका लहान अवजाराकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, ते म्हणजे कमरेला किंवा पिशवीत ठेवायचा चाकू. खताच्या पोत्याची सुतळी, ठिबकची नळी, जनावराचं दावं, फणस, मासे, बांबूची काडी अशा सगळ्याला तो लागतो. घेताना मात्र तो बाजारातल्या टपरीवरून किंवा मोबाईलवर फोटो बघून घेतला जातो. वर ‘स्टेनलेस’ असं लिहिलेलं असलं की गिऱ्हाईक समाधानी.

शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या पश्चिमेकडच्या तालुक्यांत पावसाचे चार महिने हवेतला ओलावा हटत नाही. साधं लोखंडी पातं दोन दिवसांत तांबडं होतं. त्यामुळे या भागात स्टेनलेसचा चाकू घेणं शहाणपणाचंच आहे. पण स्टेनलेस म्हणजे एकच धातू नव्हे. त्यातले काही प्रकार चमच्यासाठी उत्तम आणि चाकूसाठी निरुपयोगी असतात. चाकू चुकीचा निघाला तर पैसे वाया जातातच, शिवाय ऐन कामात पातं मुठीतून निसटलं किंवा बोथट धारेवर जोर देताना हात घसरला तर बोटाची शीर तुटते आणि ऐन लावणीत माणूस घरी बसतो.

घडीचा नको, सलग पात्याचा घ्या

चाकूचे ढोबळ दोन प्रकार. एक घडीचा, म्हणजे पातं मुठीत मिटणारा. दुसरा सलग, म्हणजे पातं मुठीत कायमचं बसवलेलं आणि वर म्यान असलेला. घडीचा चाकू खिशात मावतो, पण त्याचा सांधा हीच त्याची कमजोरी. चिखल, फणसाचा चीक, माशाचे खवले त्या सांध्यात अडकतात, आतून गंज धरतो आणि काही दिवसांनी खटका नीट बसत नाही. जोर लावताना पातं मिटलं तर ते थेट बोटांवर येतं.

सलग पात्याच्या चाकूला हलणारा भागच नसतो. तो धुवायला सोपा, ओल्या हातानेही एका झटक्यात बाहेर काढता येणारा आणि जोर सहन करणारा असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गोठ्यात पाणी शिरल्यावर काय धांदल उडते ते नदीकाठच्या गावांनी बघितलं आहे. भिजलेल्या दाव्याची गाठ हाताने सुटत नाही, आणि जनावर ओढ घेत असेल तर ती आणखी आवळते. अशा वेळी गोठ्याच्या मेढीला अडकवलेला धारदार चाकू जनावराचा जीव वाचवू शकतो. तो चाकू उघडायला दोन हात लागत असतील तर त्याचा उपयोग अर्ध्यावर येतो.

स्टेनलेस म्हणजे नेमकं काय?

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं. त्या पोलादात साधारण १०.५ टक्के किंवा त्याहून जास्त क्रोमियम असेल तर त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पात्यावर डोळ्याला न दिसणारा पातळ थर तयार होतो. हा थर खालच्या लोखंडापर्यंत पाणी आणि हवा पोचू देत नाही. ओरखडा पडला तर थर पुन्हा आपोआप तयार होतो. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये असं पोलाद बनवलं आणि पुढे त्याच शहरातल्या सुरी-काट्यांच्या धंद्यात ते रुळलं.

खरी गोम पुढे आहे. धार टिकायची तर पातं कडक हवं आणि कडक व्हायचं तर पोलादात पुरेसा कार्बन हवा. पण कार्बन आणि क्रोमियम एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे बारीक कडक कण तयार होतात. जेवढं क्रोमियम असं कार्बनने अडकवलं तेवढं गंज अडवायला कमी पडतं. म्हणून जे पोलाद धारेला उत्तम, ते गंजाला थोडं कच्चं, आणि जे गंजाला पक्कं, ते धारेला मऊ. चाकू बनवणारा या दोन्हींच्या मधलं काहीतरी निवडत असतो. चाकूचं स्टेनलेस अजिबात गंजत नाही, ही समजूत म्हणूनच चुकीची. ते उशिरा आणि कमी गंजतं, एवढंच.

घरातल्या डब्याचं स्टील चाकूला का चालत नाही?

स्वयंपाकघरातले डबे, ताटं, पातेली बहुतेक ३०४ प्रकारच्या स्टीलची किंवा त्याच्या स्वस्त भावंडांची असतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजायला फार चिवट. पण ते तापवून, पाण्यात बुडवून कडक करता येत नाही. लोहार ज्याला ‘पाणी देणं’ म्हणतो ते या स्टीलवर चालतच नाही. त्याचा चाकू बनवला तर नवा असताना कागद कापेल आणि चार पोती फोडली की बोथट होईल.

चाकूला लागतं ते पाणी धरणारं स्टेनलेस. त्याला लोहचुंबक चिकटतो. यातून दुकानात करता येण्याजोगी एक सोपी परीक्षा मिळते. जुन्या स्पीकरमधला किंवा फ्रिजवर लावायचा चुंबक खिशात घेऊन जा आणि पात्याला लावून बघा. चिकटलाच नाही तर तो चाकू घेऊ नका, ते डब्याचं स्टील आहे. चिकटला म्हणून मात्र माल चांगला असं समजू नका, कारण पाणी न धरणारं काही स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटतं. या परीक्षेने वाईट माल बाजूला काढता येतो, चांगल्याची खात्री देता येत नाही.

पात्यावरचे आकडे काय सांगतात?

बऱ्यापैकी कंपन्या पात्यावर किंवा खोक्यावर पोलादाचं नाव लिहितात. नेहमी दिसणारी काही नावं अशी :

- ४२० जे२ : कार्बन कमी, गंजाला पक्कं, धारेला मऊ. मासे धुण्या-कापण्याला, पाण्यातल्या कामाला ठीक. धार वारंवार लावावी लागते.
- ५सीआर१५एमओव्ही : कार्बन साधारण ०.५ टक्के, क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास. घरगुती सुऱ्यांत खूप वापरलं जातं. मधलं पोलाद, धार लावायला सोपं.
- १२सी२७ आणि १४सी२८एन : मूळची स्वीडनची पोलादं. कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम साडेतेरा ते चौदा टक्के. गंज, धार आणि चिवटपणा यांचा चांगला मेळ. रानातल्या कामाला या यादीतली सगळ्यात सोयीची.
- ८सीआर१३एमओव्ही : कार्बन साधारण ०.८ टक्के. धार बरी टिकते, किंमत आवाक्यात. पण ओलं ठेवलं तर डाग पडतात.
- ४४० ए, बी, सी : तिन्हींत क्रोमियम १६ ते १८ टक्के, कार्बन मात्र वेगळा. ए मध्ये ०.६० ते ०.७५ टक्के, सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. पात्यावर नुसतं ‘४४०’ लिहिलं असेल आणि पुढे अक्षर नसेल तर ते ‘सी’ धरून पैसे देऊ नका.
- डी२ : क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, पण कार्बन जवळपास दीड टक्का. बरंचसं क्रोमियम कार्बन अडकवून ठेवतो. धार खूप टिकते, मात्र ते खरं स्टेनलेस नव्हे. गगनबावड्याच्या पावसात ते पुसूनच ठेवावं लागेल.

नुसतं ‘जपानी स्टील’, ‘सर्जिकल स्टील’, ‘मिलिटरी ग्रेड’ असं लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. या शब्दांना ठरलेला अर्थ नाही.

दुसरा आकडा कडकपणाचा. तो रॉकवेल मापात देतात आणि पुढे ‘एचआरसी’ लिहिलेलं असतं. रानातल्या चाकूला ५६ ते ५९ हा आकडा बरा. ५४ च्या खाली धार लवकर वळते. ६१ च्या वर धार टिकते, पण हाडावर किंवा गाठीवर जोर पडला की कपरा उडतो आणि घरच्या दगडावर धार लावणं जिकिरीचं होतं. एकच पोलाद पाणी नीट न दिल्यास वाया जातं. त्यामुळे नावाजलेल्या पोलादाच्या निनावी चाकूपेक्षा मध्यम पोलादाचा, पण माहितीच्या कंपनीचा चाकू बरा.

लांबी, जाडी आणि आकार

मोठा चाकू म्हणजे चांगला चाकू, हा समज सिनेमाने दिलेला आहे. हाताच्या कामाला ९ ते ११ सेंटिमीटर, म्हणजे चार इंचांच्या आसपासचं पातं पुरतं. त्याहून लांब पात्याचं टोक कुठे जातंय याचा अंदाज राहत नाही. फांदी तोडायची, बांबू फोडायचा, ऊस तोडायचा तर त्याला कोयता आहेच. चाकूने कोयत्याचं काम करायला गेलं की चाकू मोडतो आणि हातही.

पात्याची पाठ अडीच ते साडेतीन मिलिमीटर जाड असावी. दीड मिलिमीटरचं पातं भाजीला छान, पण रानात वाकतं. पाच मिलिमीटरचं पातं मजबूत असतं, मात्र ते कापण्याऐवजी पाचर मारल्यासारखं फोडत जातं. कच्चा आंबा किंवा बटाटा कापून बघितला की फरक लगेच कळतो.

टोक फार अणकुचीदार नको. पाठ हळूहळू उतरत टोकाला मिळणारा आकार सगळ्यात कामाचा. त्याने सोलता येतं, भोक पाडता येतं आणि टोक सहजी मोडत नाही. पाठीवर करवतीसारखे दाते असलेले चाकू दिसायला भारी दिसतात, पण त्यांनी लाकूड धड कापत नाही, आणि पाठीवर अंगठा ठेवून जोरही देता येत नाही. दोरखंड खूप कापावे लागत असतील तर धारेच्या मागच्या थोड्या भागाला दाते असलेला चाकू चालतो. पण त्या दात्यांना घरच्या सपाट दगडावर धार लागत नाही, हे लक्षात असू द्या.

मूठ : अपघात इथेच होतो

पातं मुठीच्या आत किती गेलं आहे हे बाहेरून दिसत नाही आणि तिथेच फसवणूक होते. पात्याची शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत, मुठीएवढ्याच रुंदीने गेलेली असेल आणि दोन्ही बाजूंनी फळ्या रिवेटने ठोकलेल्या असतील तर तो जोड सगळ्यात भरवशाचा. मुठीच्या कडेने धातूची पट्टी दिसते, म्हणून तो ओळखायलाही सोपा.

शेपटी आत लपलेली असली म्हणजे चाकू वाईटच, असं नाही. स्वीडनमधलं मोरा हे गाव चाकूंसाठी जगभर ओळखलं जातं. तिथल्या साध्या कामाच्या चाकूंत शेपटी मुठीत पूर्ण जात नाही, तरी सोलणं-कापणं यासाठी ते वर्षानुवर्षं टिकतात. पण पाठीवर लाकूड मारून ढलप्या काढायच्या असतील तर पूर्ण शेपटीचाच चाकू हवा. पोकळ मुठीत काडेपेटी, होकायंत्र, गळ ठेवलेले चाकू मात्र टाळावेत. त्यांत पातं मुठीच्या तोंडाशी नुसतं अडकवलेलं असतं आणि पहिल्या जोराच्या घावाला ते सुटू शकतं.

मूठ लाकडी असेल तर ओलाव्याने फुगते, उन्हाने आकसते आणि रिवेट सैल होतात. वर्षातून दोन-तीनदा जवसाचं तेल चोळलं तर ती टिकते. पावसाळी भागात रबरी किंवा खरबरीत प्लास्टिकची मूठ जास्त सोयीची. दुकानात हात ओला करून, जमलं तर थोडं तेल लावून ती धरून बघा. हात पुढे घसरतो का? मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोट अडवणारा उंचवटा आहे का? टोक खुपसताना हात घसरून पात्यावर जातो, ही दुखापत नेहमीची. एवढासा उंचवटा ती टाळतो.

म्यान विसरू नका

उघडा चाकू पिशवीत ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाचा हात कापायची तयारी. चामड्याचं म्यान दिसायला छान, पण पावसात ते पाणी धरून ठेवतं, त्याला बुरशी येते आणि आतलं स्टेनलेस पातंही डागाळतं. आपल्या भागात प्लास्टिकचं म्यान बरं. त्याच्या तळाला पाणी निथळायला भोक आहे का ते बघा. म्यान उलटं धरून झटका द्या, चाकू पडता कामा नये. मोटारसायकलवरून जाताना पडलो तर चाकू म्यानातच राहिला पाहिजे. म्यान बाजूला, कमरेच्या मागच्या अंगाला असावं. पोटाच्या पुढे लावलं तर वाकताना मूठ बरगडीत घुसते.

मग गावच्या लोहाराकडचा चाकू नकोच का?

तसं अजिबात नाही. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून लोहार जे कोयते, विळे आणि सुऱ्या घडवतात, ते पोलाद चिवट असतं. त्याला पाणी चांगलं चढतं, धार पटकन लागते, आणि मोडतोड झाली तर त्याच ऐरणीवर दुरुस्ती होते. ऊसतोड, लाकूडफाटा, नारळ सोलणं यासाठी आजही त्याला तोड नाही. फक्त काम झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. फणस, कच्ची कैरी, काजूची बोंडं अशा आंबट-चिकाच्या फळांनी ते पातं काळं पडतं आणि फळालाही लोखंडाचा वास येतो. अशा कामाला, मासे कापायला आणि रोज भिजणाऱ्या हाताला स्टेनलेस बरं.

एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. स्टेनलेसचा चाकू लोहाराच्या भट्टीत घालू नका. साध्या कार्बन पोलादाला पाणी देण्यासाठी ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, आणि अनुभवी लोहार ते रंगावरून ओळखतो. चाकूच्या स्टेनलेसला साधारण १००० अंशांच्या वर, तेही मोजून-मापून तापवावं लागतं. उघड्या भट्टीत ते जमत नाही. लोहाराचा हात कितीही तयार असला तरी पातं एकतर मऊ पडतं किंवा ठिसूळ होतं.

धार लावताना

बोथट चाकू जास्त धोक्याचा. तो जास्त जोर मागतो, आणि जोराच्या हातावर ताबा राहत नाही. आठवड्यातून एकदा दगडावर चार-सहा हात मारले तर पातं कधीच पूर्ण बोथट होत नाही.

बाजारात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत आणि एक बारीक. ४०० आणि १००० अशा आकड्यांचा दगड घरच्या कामाला पुरतो. दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे तो सरकत नाही. पातं दगडाशी साधारण २० अंशांत धरा. काटकोनाचा निम्मा कोन ४५, त्याचा निम्मा सुमारे २२, त्याच्या किंचित खाली. मुठीपासून टोकापर्यंत सारख्या दाबाने ओढा. एका बाजूला जेवढे हात, तेवढेच दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूवर घासत असताना उलट बाजूच्या धारेला बारीक खरखर लागली की समजायचं, धार कडेपर्यंत पोचली. मग दगडाची बारीक बाजू वापरून ती खरखर काढायची.

सायकलवर किंवा मोटारीवर फिरणाऱ्या कोरड्या चक्रावर धार लावून घेताना ठिणग्यांकडे नको, पात्याकडे बघा. धारेची कड निळसर किंवा तपकिरी झाली तर तिथलं पाणी उतरलं असं समजा. तो भाग मऊ पडलेला असतो आणि पुन्हा कितीही धार लावली तरी टिकत नाही. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पातं पाण्यात बुडवायला सांगा.

गंज कुठून येतो?

स्टेनलेसच्या संरक्षक थराचा सगळ्यात मोठा शत्रू मीठ. मासे साफ केल्यावर, लोणच्याच्या कैऱ्या चिरल्यावर चाकू तसाच ठेवला तर रात्रीतून सुईच्या टोकाएवढे खड्डे पडू शकतात. घाम लागलेला, खताच्या पोत्याला लागलेला चाकूही तसाच. पोटॅशच्या खतात क्लोराइड असतं, तेही मिठासारखंच पात्याला खातं. काम झालं की साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं पुसायचं आणि मगच म्यानात ठेवायचं. तांबूस डाग पडले तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट फडक्यावर घेऊन चोळा. लोखंडी तारेची घासणी नको. तिचे कण पात्यात अडकतात आणि तेच पुढे गंजतात. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, त्याला खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा आणि मग साबण.

ज्या चाकूने कलमाच्या काड्या कापायच्या तो वेगळा ठेवलेला बरा. एका झाडाचा रोग धारेवरून दुसऱ्या झाडाला जातो, म्हणून दर झाडानंतर पातं स्पिरिटने पुसायला हवं.

कायदा काय म्हणतो?

शेतकऱ्याने शेतात चाकू वापरणं गुन्हा नाही. पण काही मर्यादा माहीत असाव्यात.

शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. कोयता त्यामुळेच शेतीचं अवजार ठरतो. चार इंची कामाचा चाकू या मर्यादेच्या खूप आत आहे.

याचा अर्थ तो कुठेही मिरवावा असा नाही. सण, मिरवणुका, निवडणुका किंवा तणावाच्या काळात जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदी आदेश काढतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू, काठी, लाठी बाळगण्यावरही मनाई घालता येते. रानातून थेट बाजाराला किंवा यात्रेला जाताना चाकू घरी ठेवून जावा. चाकू हातात घेऊन फोटो, व्हिडिओ टाकायची हौस तर पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकते. विमानाने प्रवास करणाऱ्यांनी चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नये.

जंगलाचा नियम वेगळा आणि कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत शस्त्रामध्ये चाकूही येतो. राधानगरी अभयारण्य असो की शाहूवाडीला लागून असलेलं चांदोली राष्ट्रीय उद्यान, फिरायला जाणाऱ्या तरुणांनी आधी वन विभागाच्या नाक्यावर किंवा परिक्षेत्र कार्यालयात विचारावं. जंगलातून वाट असलेल्या गावकऱ्यांनीही अवजारांबाबतचा नियम तिथेच समजून घ्यावा.

हात कापलाच तर

स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. निदान दहा मिनिटं दाब काढू नका, मधे मधे उघडून बघू नका. चुना, तंबाखू, चहापूड, हळद यांतलं काहीही जखमेत भरू नका. डॉक्टरला आधी तेच काढत बसावं लागतं आणि जखम चिघळायची भीती वाढते.

रक्त थांबलं तरी बोट वाकवून आणि सरळ करून बघा. बोट हलत नसेल किंवा टोकाला बधिर लागत असेल तर आतली शीर किंवा नस तुटलेली असू शकते. वरून लहान दिसणारी ही जखम त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात दाखवावी लागते. उशीर केला तर बोट कायमचं ताठ राहू शकतं. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात घालू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा

- पात्याला चुंबक चिकटतो का?
- पोलादाचं पूर्ण नाव लिहिलेलं आहे का?
- पातं चार इंचांच्या आसपास, पाठ अडीच ते साडेतीन मिलिमीटर आहे का?
- पातं डोळ्यासमोर धरून टोकाकडे बघितल्यावर सरळ दिसतं का? दोन्ही बाजूंची धार सारखी आहे का?
- शेपटी मुठीत कुठपर्यंत गेली आहे? मूठ हलते का, रिवेट वर आलेत का?
- ओल्या हातात मूठ घसरते का?
- म्यान उलटं केल्यावर चाकू पडतो का?

ऑनलाईन मागवताना पोलादाचं नाव आणि पात्याची जाडी दिलेली नसेल तर तो माल सोडून द्या. आल्या आल्या चुंबक लावून आणि मूठ तपासून बघा, म्हणजे परत करायच्या मुदतीत परत करता येतो. आणि घरात लहान मुलं असतील तर चाकू ठेवायची जागा घेण्याआधीच ठरवा. हाताला न लागणारी, उंचावरची आणि कोरडी.